न लागलेल्या छड्या

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे, त्याला कारण माझा उजवा हात.

गेल्या थंडीत हा हात रात्री झोपेत बधिर व्हायला लागला. पहाटे तीन-साडेतीनला जाग यायची ती हातात मुंग्यांचे वारूळ फुटल्यासारखी. उठून हात झटकायचा, थोडा चोळायचा, की पाच-दहा मिनिटांत पूर्ववत. सौ.ने नेहमीप्रमाणे सगळा दोष माझ्या मोबाईलला दिला. पुण्याच्या नातवाने 'हातावरून आरोग्य ओळखा' छापाची एक लांबलचक जंत्री पाठवली. नखे पांढरी दिसली तर रक्त कमी, तळवे लाल तर यकृत बिघडलेले, बोटे थरथरली तर थायरॉईड. शेवटी जळगावला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही मनगटे वाकवून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवायला लावल्या, मिनिटभर तसेच धरायला सांगितले आणि मग विचारले, "मुंग्या कुठल्या बोटांना येतात? करंगळीला येतात का?"

"नाही. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट."

हे उत्तर देताना मी केवढा श्वास सोडला ते त्यांना कळले नसावे. मनगटातून तळव्यात जाणारी एक नस दाबली गेली आहे, वयात असे होते, रात्री मनगटाला पट्टा बांधून झोपा, असे त्यांनी सांगितले. गोष्ट साधी होती. करंगळीचा प्रश्नही त्यांनी सहजच विचारला होता. पण करंगळी हा शब्द माझ्यासाठी गेली पंचेचाळीस वर्षे सहज राहिलेला नाही. त्याविषयी आजवर घरातही कोणाशी बोललो नव्हतो. आज लिहून टाकतो. मात्र माझी सवय शिक्षकाची, तेव्हा आधी थोडा इतिहास.

हातावरून माणसाचे भविष्य सांगणारे आपल्याकडे जत्रेजत्रेत भेटतात. हातावरून आजार ओळखण्याची विद्याही तितकीच जुनी आणि पुष्कळ अधिक खरी आहे. आपल्या वैद्याचा पहिला हात रोग्याच्या मनगटावर जायचा हे आमच्या पिढीने पाहिलेले आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याने अडीच हजार वर्षांपूर्वी छातीत पू झालेल्या रोग्यांच्या बोटांची टोके फुगतात आणि नखे बाक धरतात हे टिपून ठेवले. डॉक्टर मंडळी अशा बोटांना अजून त्याच्या नावाने ओळखतात. याच फुगलेल्या बोटांची एक गमतीदार परीक्षा दक्षिण आफ्रिकेतील लिओ शॅमरॉथ या हृदयरोगतज्ज्ञाने १९७६ साली प्रसिद्ध केली. त्याला स्वतःलाच हृदयाच्या आतल्या अस्तराचा जंतुसंसर्ग झाला होता आणि आजाराबरोबर आपली बोटे कशी बदलत गेली हे तो पाहत होता. दोन्ही हातांची तीच बोटे नखांच्या बाजूने एकमेकांना टेकवा. निरोगी माणसात नखांच्या मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची छोटीशी खिडकी दिसते. बोटे फुगलेली असली तर ती खिडकी मिटते. हे वाचताना तुम्ही बोटे जुळवून पाहिलीत ना? मीही पाहिली होती. खिडकी शाबूत आहे. शरीरात लोह कमी पडले की नख चमच्यासारखे खोलगट होते, हेही असेच डोळ्यांनी दिसणारे.

पण ही सगळी लक्षणे दिसतात म्हणून लक्ष जाते, किंवा दुखते म्हणून माणूस दवाखाना गाठतो. हाताची एक तक्रार अशी आहे की ती दिसायच्या आधी दुखणे थांबते. त्या आजाराचा इतिहास आपल्या महाराष्ट्राशी फार जवळून बांधलेला आहे. आमच्या लहानपणी त्याला महारोग किंवा रक्तपिती म्हणत. महारोगी हा शब्द तेव्हा शिवी म्हणून वापरला जाई आणि आम्हीही तो भांडणात वापरलेला आहे. आज म्हणतात कुष्ठरोग.

आमच्या पहूरहून अजिंठ्याची लेणी तासाभराच्या आत येतात. लेण्यांखालच्या दरीतून निघणारी वाघूर आमच्या गावाजवळून वाहत जाते. नोकरीच्या काळात मी किती सहली तिथे नेल्या याची गणती नाही. पोरे वटवाघळांना भ्यायची आणि मी हात पाहत बसायचो. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीने निळे कमळ ज्या बोटांनी धरले आहे ती बोटे एकदा निवांत पाहावीत. सोळाव्या लेण्यात नंदाची पत्नी सुंदरी आहे. नवरा भिक्षू झाल्याचे कळून ती कोसळते आहे, आणि तिच्या अंगातले त्राण गेले हे चित्रकाराने मान आणि गळून गेलेले अवयव यांतून सांगितले आहे. हातातले बळ आणि हातातून गेलेले बळ यांतला फरक त्या माणसाला पक्का ठाऊक होता.

या लेण्यांतले शिलालेख वाचायला १८६३ च्या सुमारास मुंबईहून एक डॉक्टर आले होते. डॉ. भाऊ दाजी लाड. मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. शिलालेख, नाणी आणि जुन्या पोथ्या यांचा त्यांना नाद होता म्हणून आमच्यासारखे इतिहासवाले त्यांना ओळखतात. मुंबईच्या राणीबागेतल्या संग्रहालयाला आज त्यांचेच नाव आहे. पण त्यांच्या आयुष्याचा मोठा हिस्सा कुष्ठरोगावर औषध शोधण्यात गेला हे मला फार उशिरा कळले. ते संस्कृत वैद्यकग्रंथ वाचून त्यांतली औषधे रोग्यांवर तपासून पाहत. त्यांच्या औषधात कडू कवठाच्या बियांचे तेल होते असे मानले जाते. सुश्रुतसंहितेत याच जातीच्या झाडाचे तेल 'तुवरक' या नावाने सांगितले आहे, आणि १९४० च्या दशकात नवी औषधे येईपर्यंत जगभर कुष्ठरोगाला हेच तेल पोटातून नाही तर सुईने देत असत. बरे व्हायचे थोडे, दुखायचे फार. भाऊ दाजी १८७४ साली गेले. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७३ मध्ये, नॉर्वेत हान्सेन याने या रोगाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. म्हणजे हा पूर्वजन्मीच्या पापाचा भोग नाही, शाप नाही, एक जंतू आहे, हे तेव्हापासून माहीत आहे. माहीत असणे आणि पटणे यांत आपल्याकडे शंभर वर्षे गेली.

रोग किती जुना म्हणाल तर राजस्थानात उदयपूरजवळ बालाथल येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी केलेल्या उत्खननात एक सांगाडा निघाला. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा पुरुष. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याच्या हाडांवर कुष्ठरोगाच्या खुणा ओळखल्या गेल्या.

मुंबईतल्या वडाळ्याचे ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय पुष्कळांना ऐकून माहीत असेल. ते १८९० साली बेघर रोग्यांसाठी सुरू झाले. हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ हे तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर. आता गंमत पाहा. बी.ए.ला मराठी घेतलेल्या आम्हा लोकांना ॲक्वर्थ हे नाव भलत्याच कारणासाठी पाठ होते. शाहिरांचे पोवाडे गोळा करून शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर १८९१ साली छापणारे ते ॲक्वर्थसाहेब. परीक्षेत त्यांच्यावर टीप लिहून मी पाच मार्क मिळवलेले आहेत. दोघे एकच, हे कळल्यावर मी चाटच पडलो. दिवसा रस्त्यावरचे रोगी उचलून आश्रय देण्याची व्यवस्था आणि फावल्या वेळात सिंहगडाचा पोवाडा! असो.

पण त्याच साहेबांच्या राज्यात १८९८ चा कुष्ठरोग्यांचा कायदा आला. त्यातली व्याख्या वाचण्यासारखी आहे. ज्याला जखमा होऊन त्या चिघळायला लागल्या आहेत तोच कायद्याने कुष्ठरोगी. ही अट १९२० साली काढली. उघड्यावर भीक मागणाऱ्या अशा गरीब रोग्याला धरून आश्रमात ठेवायचे आणि काही धंदे त्याला बंद. म्हणजे हाताची बोटे झडली, चिंध्या गुंडाळल्या, तो माणूस रस्त्यावर बसला, की मग सरकारला रोग दिसायचा. त्याआधीची दहा वर्षे तोच माणूस शेतात, बाजारात, शाळेत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वावरत असायचा, त्या वर्षांचे काय, हा प्रश्न कायद्याला पडला नाही. आम्हालाही पडत नव्हता. (हा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. जोडीदाराला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचे कारण होऊ शकत होते, ते २०१९ साली गेले.)

आता माझी गोष्ट.

साल १९७९. मी तिशीला टेकलो होतो. शाळेचे नाव आणि गावाचे नाव लिहीत नाही. पाचोरा–जामनेर छोटी गाडी तेव्हा चालू होती आणि मी त्या गाडीने जा-ये करत असे, एवढे पुरे. सातवीला मराठी आणि इतिहास. वर्गात एक मुलगा होता, कपाशीच्या शेतावर सालदारकी करणाऱ्या बापाचा. अक्षर मोत्यासारखे. दिवाळीनंतर ते अक्षर बिघडायला लागले. अक्षरे मोठी झाली, ओळ सुटायला लागली, टाक हातातून पडायचा. शुद्धलेखनाच्या वहीत लिहिताना आपली करंगळी कागदावर टेकलेली असते, तिच्या आधाराने हात सरकतो. त्याची करंगळी टेकत नव्हती, बाहेर निघून किंचित आत वळलेली राहायची. हे मी पाहिले होते. अगदी स्पष्ट पाहिले होते आणि त्याचा अर्थ लावला होता, 'ऐट करतो.'

एके दिवशी वही पाहून माझा पारा चढला. तेव्हा छडी हा शिक्षकाच्या गणवेशाचाच भाग होता. आज कायद्याने ती बंद आहे आणि बंद झाली ते उत्तम झाले. मी त्याला हात पुढे करायला सांगितले. चार छड्या. इतर पोरे पहिल्या छडीलाच हात मागे घेतात, काखेत दाबतात, उड्या मारतात. हा हात पुढे करून तसाच उभा. डोळ्यांत पाणी नाही. माझ्याकडे नुसता पाहत होता. मला वाटले, हा मला आव्हान देतो आहे. वर्ग गप्प झाला होता. मी आणखी दोन मारल्या, तळव्याच्या कडेला, करंगळीच्या बाजूला. तेव्हाही हात जागचा हलला नाही.

फेब्रुवारीत तालुक्याहून कुष्ठरोग तपासणीचे कर्मचारी आले. सायकलवर फिरणारा, साधासा माणूस. शाळेच्या ओट्यावर उन्हात पोरांना सदरे काढून रांगेत उभे केले. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला की पोराला डोळे मिटायला सांगून तो पेनाच्या टोकाने हलकेच शिवायचा आणि जिथे शिवले तिथे बोट ठेव म्हणायचा. या मुलाच्या कोपरापाशी चट्टा होता, रुपयाएवढा. त्यावर शिवले, मुलगा गप्प. करंगळीवर शिवले, गप्प. तळव्याच्या कडेला शिवले, गप्प. मग त्या माणसाने मुलाच्या कोपरामागे, आपण ठेचकाळलो की जिथे झिणझिण्या येतात तिथे, दोन बोटांनी चाचपले आणि मला म्हणाला, "सर, हात लावून पाहा. नस दोरीसारखी झाली आहे." मी हात लावला नाही. कागदाची पट्टी त्याने मुलाच्या करंगळी आणि शेजारच्या बोटामध्ये धरायला दिली आणि हळूच ओढली. ती अलगद निघून आली.

"याला इथे काही लागत नाही," तो म्हणाला. "भाजले तरी कळत नसेल. तुमच्या लक्षात कसे आले नाही?"

मी काय बोलणार होतो!

लागत का नाही, हे मला नंतर वाचून समजले. हा जंतू शरीरातल्या त्यातल्या त्यात थंड जागा शोधतो आणि नसांमध्ये घर करतो. कोपरामागची नस कातडीच्या अगदी जवळून जाते. तीच नस करंगळीला आणि तिच्या शेजारच्या अर्ध्या बोटाला स्पर्श पुरवते, तीच बोटांतले लहान लहान स्नायू हलवते. ती सुजली की आधी स्पर्श जातो, त्या भागाला घाम येईनासा होतो, कातडी कोरडी पडते, मग करंगळी आणि अनामिका आकड्यासारख्या वळतात, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग बसतो. पुढे बोटे आखूड होतात. लोक म्हणायचे, बोटे झडतात.

बोटे आपोआप झडत नाहीत, हे जगाला दाखवून दिले ते पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकाने. बाबा आमटे आणि ब्रँड दोघेही १९१४ सालचे. ब्रँडचा जन्म तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात, आईवडील इंग्रज मिशनरी. १९४६ साली तो वेल्लोरला आला. चिंगलपेटच्या कुष्ठधामात गेला असताना एका रोग्याने त्याचा हात वाकड्या बोटांनी धरला आणि इतका दाबला की ब्रँड कळवळला. रोग्याला वाटत होते आपण हलकेच धरला आहे. ब्रँडच्या मनात आले, या हातात जोर तर भरपूर आहे, मग हा निकामी कसा? लहान स्नायू गेलेले असले तरी कोपराखालचे मोठे स्नायू शाबूत होते. त्यातल्या एकाची दोरी काढून बोटांना जोडली तर बोटे सरळ होतील, असे त्याने करून दाखवले. आणि बोटे आखूड का होतात म्हणून तो रोग्यांच्या मागे मागे फिरला. गरम भांडे उचलताना, कुलपात अडकलेली किल्ली जोराने फिरवताना, विडी बोटांपर्यंत जळेस्तोवर धरताना जखमा होत होत्या. दुखत नसल्यामुळे तोच हात पुन्हा कामाला लागत होता. रात्री उंदीर बोटे कुरतडून जायचे आणि रोगी जागे होत नसत. त्यावर त्याने मांजरे पाळायला दिली. दुखणे ही देणगी आहे असे तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. सुधारलेले हात घेऊन गेलेले काही रोगी परत येऊन त्याला म्हणाले, डॉक्टर, या हातांना आता कोणी भीक घालत नाही! मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशिर अँटिया यांनीही अशाच हातांवर शस्त्रक्रिया केल्या.

ब्रँडविषयी वाचले तेव्हा मला ती विडीची गोष्ट चटकन पटली. आमच्या खान्देशात शेतावरच्या कितीतरी गड्यांच्या दोन बोटांच्या बेचक्यात भाजल्याचे डाग मी पाहिले आहेत. सगळे रोगी होते असे नव्हे. पण कोणी 'अरे, तुला चटका लागला नाही का?' असे विचारलेले मला आठवत नाही. उलट, गरम तवा नुसत्या हाताने उचलणाऱ्या बाईचे कौतुक व्हायचे. न दुखणे म्हणजे आपल्याकडे ताकद.

महाराष्ट्रात ज्यांनी या हातांना हात लावला ती नावे विदर्भातली. वर्ध्याजवळ दत्तपूरला विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली काम सुरू केले. सेवाग्रामला संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री अंगावर रोग घेऊन आले आणि गांधीजी स्वतः त्यांना मालीश करीत. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभे केले. वरोऱ्याचे बाबा आमटे यांची तुळशीरामाची गोष्ट सर्वांना माहीत आहे. पावसात गटाराकाठी पडलेला, हातापायाची बोटे नसलेला तो देह पाहून बाबा आधी घाबरून पळाले होते, हा त्यातला भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पळाले, आणि परत आले. १९५१ साली आनंदवन सुरू झाले. त्याच वर्षी वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघाले. डॉ. वार्डेकर यांनी तिथे पद्धत घालून दिली की रोगी चिंध्या बांधून दाराशी येईपर्यंत थांबायचे नाही, आपणच घरोघर, शाळाशाळांतून जायचे, अंग तपासायचे, लोकांना समजावायचे आणि औषध जागेवर द्यायचे. आमच्या शाळेच्या ओट्यावर तो सायकलवाला आला तो या वाटेने.

त्या मुलाला डॅप्सोनच्या गोळ्या सुरू झाल्या. तेव्हा त्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागत. पण गोळ्यांपेक्षा बातमी लवकर पसरली. आठवड्यात पालक शाळेत आले, आमची पोरे त्याच्याजवळ बसणार नाहीत म्हणाले. त्याला काही दिवस घरी राहायला सांगावे असे ठरले. त्या बैठकीत मी होतो. औषध सुरू झाले की रोग पसरत नाही, असे तो कर्मचारी आम्हाला सांगून गेला होता. हे मला उठून सांगता आले असते. सांगितले नाही. मुलाचे नाव हजेरीपटावरून जूनमध्ये कमी झाले. त्याचे घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर होते. तिकडेही मी गेलो नाही. काय तोंडाने जाणार, असे स्वतःला सांगत राहिलो. दोन वर्षांनी माझी बदली झाली.

पुढचा इतिहास वेगाने चांगला झाला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन-तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली आणि भारतात ती आधी ज्या जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत आपला वर्धा होता. वर्षानुवर्षांचे औषध सहा किंवा बारा महिन्यांवर आले. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते. देशात दहा हजारांत एकापेक्षा कमी रोगी उरले, असे २००५ च्या अखेरीस जाहीर झाले. ते ऐकून पुष्कळांनी हा विषय संपला असे धरले. तो संपलेला नाही. जगात दरवर्षी जे नवे रोगी नोंदले जातात त्यांतले निम्म्याहून अधिक अजूनही भारतातले असतात आणि त्यांत लहान मुले असतात. वेळेत औषध सुरू झाले तर हात वाकडे होतच नाहीत. वाकडा झालेला हात मात्र गोळ्यांनी सरळ होत नाही, कारण गोळ्या जंतू मारतात, गेलेली नस परत आणत नाहीत. माझ्या पुतण्यांना आणि सुनांना म्हणून सांगतो, घरात कोणाच्या अंगावर न खाजणारा, न दुखणारा फिकट चट्टा दिसला, किंवा करंगळीत बधिरपणा वाटला, तर मलम चोळत बसू नका. मधुमेहानेही हातपाय बधिर होतात, माझ्यासारखी नसही दाबली जाते. कारण काय ते डॉक्टर ठरवतील.

१९९६ च्या मे महिन्यात, लग्नसराईत, जामनेरच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत होतो. गर्दीतून एक तिशीचा माणूस पुढे आला. बरोबर बायको आणि एक लहान मुलगी. त्याने दोन्ही हात जोडले तेव्हा उजव्या हाताची दोन बोटे सरळ झाली नाहीत.

"सर, मले वयखलं का?"

मी ओळखले. हातावरून ओळखले, आणि त्याची मला लाज वाटली. तो केळीच्या मळ्यात कामाला होता. औषध पुरे केले होते, रोग कधीच गेला होता. शाळा सुटली ती सुटलीच. मुलीला यंदा पहिलीत घालायचे म्हणून सांगत होता. माझ्या घशात जे सतरा वर्षे अडकले होते ते मी तिथे, त्या गोंगाटात, कसेबसे बोललो. मी तुला मारायला नको होते. मला माफ कर.

तो हसला. त्याला माझे समाधान करायचे होते.

"सर, तुमच्या छड्या मले कधी लागल्याच नाईत."

मी त्याला हात दाखवायला सांगितले. तळवा उन्हातान्हात काम करणाऱ्याचा, केळीच्या चिकाने काळा पडलेला, पण कुठे जखम नव्हती, भेग नव्हती. मला नवल वाटलेले पाहून बायको म्हणाली, रोज रात्री जेवणे झाली की ती त्याचे हात पाण्यात भिजवून ठेवते, मग दिव्यापाशी धरून एकेक बोट उलटसुलट पाहते. कुठे काटा, कुठे चटका, काही दिसले तर बांधते, नाही तर तेल लावते. लग्नाला नऊ वर्षे झाली, एक दिवस चुकला नाही, असे ती म्हणाली. दवाखान्यातल्या बाईंनी शिकवले होते.

गाडीला वेळ होता. त्याने मला चहाला नेले, पैसे मला देऊ दिले नाहीत. कप आला तेव्हा त्याने खिशातून रुमाल काढला, चौघडी घालून कपाभोवती गुंडाळला आणि मग उचलला. पोरीने माझ्या कपाकडे पाहून विचारले, "तुमचा रुमाल कुठे?"